आधी स्टँड, मग टाकी

बार्शीटाकळीच्या आमच्या घरांत पाणी थेट जमिनीवर ठेवायची रीत नव्हती. प्यायचं पाणी घडवंचीवर, वापरायचं पाणी मोरीजवळच्या ओट्यावर, कूलरचं पाणी खिडकीबाहेरच्या लोखंडी स्टँडवर, आणि पुढे स्लॅबची घरं झाली तेव्हा गच्चीवरची काळी टाकी विटांच्या चौथऱ्यावर. आम्ही चुलत, आते, मावस अशी सगळी भावंडं थोड्याफार वर्षांच्या अंतरानं याच गावात वाढलो. आता कुणी पुण्यात आहे, कुणी नागपुरात, कुणी न्यू जर्सीत. तरी कुणाकडे फ्रिज आला, वॉशिंग मशीन आलं, पुस्तकांचं कपाट आलं, की भावंडांपैकी कुणीतरी विचारणारच, "कायच्यावर ठेवशीन?" हा प्रश्न आम्हाला घरातल्या मोठ्यांनी दिला. आणि तो सगळ्यात जास्त विचारला गेला तो माशांच्या टाकीपायी.

टाकीच्या आधी मात्र घडवंची सांगितली पाहिजे.

आमच्या घरची घडवंची बाभळीची होती. दारं-खिडक्यांना सागवान, पाण्यापाशी बाभूळ, हा घरातल्या थोरल्या आबाजींचा शिरस्ता. बाभूळ चिवट, बैलगाडीची चाकं त्याच लाकडाची होत, मग पाण्यानं भरलेला गुंड त्याला काय जड. दोन जाड फळ्या, त्यांत भांड्यांचे बूड बसतील अशा गोल खाचा, खाली चार पाय. पाय सरळ उभे नव्हते, तळाशी किंचित बाहेर फाकलेले होते. सांध्यात खिळा नव्हता. पायाचं कुसू फळीच्या भोकात घालून वरून पाचर ठोकलेली. पाणी पिऊन पिऊन लाकूड फुगे आणि सांधा आणखीच आवळून बसे. लहानपणी आम्ही तिला धरून उभं राहायला शिकलो असं आई सांगते, म्हणजे ती किती घट्ट असेल बघा.

तिच्यावर भांडी मांडायचे नियम आजीचे. तांब्याचा मोठा गुंड मधात ठेवायचा नाही, दोन टोकांना, पायांच्या डोक्यावर ठेवायचा. मधात हलकी पितळी गुंडी आणि तांब्या. "वजन पायावर गेलं पाह्यजे, फयीवर नाही," एवढंच ती म्हणायची. मातीचा माठ खाचेत नीट बसला नाही तर खाली चुंबळ. आणि रांजण असेल तर तो घडवंचीवर जातच नसे. अंगणातल्या कोपऱ्यात खड्डा करून, तळाशी वाळू घालून, अर्धा पुरलेला असे. वाळू रांजणाच्या पोटाला सगळीकडून धरते, एका जागी टोचत नाही. पुढे काचेच्या टाकीखाली थर्माकोल का घालायचा, हे आम्हाला कुणी वेगळं शिकवावं लागलं नाही ते या रांजणामुळे.

घरात इतकं पाणी साठवावं का लागे, हेही सांगायला हवं. महानचं काटेपूर्णा धरण आमच्याच तालुक्यात. अकोला शहर त्याच पाण्यावर जगतं. तरी नळ उद्या येईल याचा भरवसा ना शहराला होता, ना आम्हाला. म्हणून घरोघरी पाण्याचं वजन होतं, आणि ते कशावर तरी उभं होतं.

गावातलं देवीचं हेमाडपंती देऊळ बाराव्या शतकातलं आहे. शके १०९८चा, म्हणजे इसवी सन ११७६-७७चा शिलालेख तिथे आहे. काकाजी आम्हाला दर्शनाला नेत, आणि दर्शन झालं की खांबापाशी उभं करत. छताच्या शिळेचं वजन तुळईवर, तुळईचं खांबाच्या डोक्यावर, खांबाचं तळखड्यावर, तळखड्याचं जोत्यावर. मध्ये कुठेही वजन हवेत सोडलेलं नाही. दगडांच्या मध्ये चुना नाही, दगड दगडावर बसलाय. काकाजी अकोल्याला नोकरीला होते, इंजिनीअर नव्हते. पण आपल्या गावातली सगळ्यात जुनी इमारत कशी उभी आहे हे पोरांना कळलं पाहिजे, असं त्यांना मनापासून वाटे. मला आजही त्या देवळात गेल्यावर आधी तुळईच दिसते.

होळी झाली की कूलर निघत. वऱ्हाडातल्या उन्हाळ्यात पारा ४५च्या वर जातो; कूलर आमच्याकडे चैन म्हणून आला नाही. माळ्यावरून पत्र्याचा डबा उतरवायचा, गंज खरवडायचा, डांबर लावायचं, वाळ्याच्या नव्या ताट्या बांधायच्या, आणि तो खिडकीबाहेरच्या स्टँडवर चढवायचा. स्टँड बस स्टँडच्या रस्त्यावरच्या वेल्डिंगवाल्या काकांकडून. ते गाडीची फाटकं, खिडक्यांच्या जाळ्या, फवारणीच्या पंपाचे तुटलेले दांडे, सगळं जोडून द्यायचे. ठिणगीकडे बघू नका म्हणून ओरडायचे आणि आम्ही बघायचो.

त्यांच्या दुकानात आम्ही सगळ्यांनी एक गोष्ट पाहिलेली आहे. नवा कूलर स्टँड तयार झाला की ते गिऱ्हाइकाला वर हात ठेवून हलवायला लावत. पुढे-मागे नाही, आजूबाजूला. चार पाय आणि वर चौकट एवढंच असलं की स्टँड आडवा डुले. पाय मोडत नव्हते, पण चौकोन तिरका होई. मग ते दोन पायांच्या मध्ये एक तिरपी पट्टी जोडत आणि पुन्हा हलवायला सांगत. आता हालचाल बंद. "चौकोन लवते, तिकोन लवत नाही, बापू. आन् पंखा फिरते म्हंजे रातभर हालवतेच हे याले." कूलरचा पंखा रात्रभर थरथरतो, खाली टाकीत पाणी हिंदकळतं, आणि ही थरथर महिनोन् महिने वेल्डिंगच्या सांध्यावर येते. तिरपी पट्टी न लावलेले स्टँड गावात होते. त्यांच्या खिडक्यांखालून जाताना आई आमचा हात धरून रस्त्याच्या पलीकडच्या बाजूला घेई.

मासे घरात आले ते आधी कामासाठी. डास होऊ नयेत म्हणून हिवताप विभागाचे कर्मचारी गप्पी मासे देत. ते आमच्या सिमेंटच्या हौदात सोडले होते. राखी रंगाचे, नखाएवढे. पिल्लं इतकी व्हायची की आम्ही ती बरणीत भरून शेजाऱ्यांना वाटत असू. मासा पाळता येतो, नुसता खायचा नसतो, हे भोयांच्या टोपलीतला रोहू आणि मरळ बघत वाढलेल्या आम्हाला या गप्पींनी कळवलं.

मग मोठी माणसं मुंबईला गेली की तारापोरवाला मत्स्यालय बघून येत. मरीन ड्राइव्हवरचं हे मत्स्यालय १९५१ साली राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांच्या हस्ते उघडलं. राणीची बाग, गेटवे आणि तारापोरवाला, ही तेव्हा वऱ्हाडी पाहुण्याची ठरलेली मुंबई. काकाजी तिथून आले ते बैठकीत काचेची टाकी ठेवायची असं ठरवूनच. टीव्हीवर रामायण १९८७च्या जानेवारीत सुरू झालं; त्याच्या पुढच्या वर्षी आमची टाकी आली.

पण आली ती सगळ्यात शेवटी. काकाजींनी कालनिर्णयच्या पानामागे आधी हिशेब मांडला. टाकी तीन फूट लांब, एक फूट रुंद, दीड फूट उंच. साडेचार घनफूट. एका घनफुटात २८ लिटरहून थोडं जास्त पाणी मावतं, म्हणजे १२७ लिटर, आणि लिटरला किलो. काच सहा मिलिमीटरची धरली तर तिचं वजन वीस-एकवीस किलो. तळाची वाळू-खडे दहा-पंधरा किलो. काठोकाठ धरलं तर बेरीज दीडशेच्या पुढे, एकशेसाठच्या आसपास. हा आकडा त्यांनी घरात मोठ्यानं वाचून दाखवला, आणि आबाजी, ज्यांचा सगळा जन्म कापसात गेला, ते लगेच म्हणाले, "म्हंजे रुईची गाठच की बे." प्रेसमधून निघणारी गाठ १७० किलोची असते. ती एक गाठ बैठकीत, चार बारक्या पायांवर, कायमची उभी राहणार आहे, हे चित्र डोळ्यांपुढे आल्यावर घरात कुणालाच स्टँडचे पैसे जास्त वाटले नाहीत. टाकीपेक्षा स्टँड महाग पडला.

स्टँड दीड इंची अँगलचा झाला. वरची चौकट टाकीच्या बुडाएवढी, तंतोतंत. टाकीचे चारही कोपरे पायांच्या डोक्यावर येतील अशी. काचेच्या टाकीचं वजन तिच्या कडांवरून खाली येतं, म्हणून कडेखाली लोखंड हवं. कड बाहेर लोंबली तर काच ते सहन करत नाही. लांब बाजूला मध्ये आणखी एक पाय. मागच्या बाजूला दोन तिरप्या पट्ट्या, कूलरच्या स्टँडसारख्या. पुढे नाहीत, कारण खाली माशांचं खाणं आणि जाळी ठेवायला जागा हवी होती. चौकट काटकोनात आहे की नाही ते वेल्डिंगवाल्या काकांनी गुण्या लावून पाहिलं आणि मग दोरीनं दोन्ही कर्ण मोजले. दोन्ही कर्ण सारखे आले तरच चारही कोपरे काटकोन. रेड ऑक्साइडचे दोन हात, वर काळा ऑइल पेंट. टाकीखालच्या लोखंडावर ओल कायम राहते, म्हणून रंगाच्या कामात कंजूषी करायची नाही, हे काकांचंच.

प्रत्येक पायाखाली चार इंची चौकोनी पत्रा. यावर घरात चर्चा झाली होती. दीडशे किलो चार-सहा पायांत वाटले तरी एका पायाला पंचवीस-तीस-चाळीस किलो येतात, आणि अँगलच्या पायाचं टोक म्हणजे बोटभर लोखंडी कड. तेवढ्या कडेनं शहाबादी फरशी तडकते. पत्रा लावला की तेच वजन तळहाताएवढ्या जागेवर बसतं.

मग आली पाणसळ. हा प्रसंग आमच्यापैकी प्रत्येकजण वेगळा सांगतो, पण नळीत नीळ घातली होती यावर सगळ्यांचं एकमत आहे. पारदर्शक नळी, आत पाणी, पाण्यात कपड्याच्या निळीचा एक थेंब, म्हणजे रेघ दिसावी. एक टोक आईच्या हातात, दुसरं काकाजींच्या. नळीत हवेचा बुडबुडा राहिला तर माप खोटं येतं, म्हणून नळी आधी बोटांनी टिचक्या मारत सगळी तपासायची. दोन्ही टोकांचं पाणी स्थिर व्हायला वेळ लागतो. तोवर श्वास रोखून सगळे उभे. चारही कोपऱ्यांवर पेन्सिलीच्या खुणा झाल्या तेव्हा मागचा उजवा कोपरा एका रुपयाच्या नाण्याच्या जाडीइतका खाली निघाला. त्या पायाखाली पत्र्याची चकती गेली. पुन्हा नळी, पुन्हा खुणा.

चौकटीवर १९ मिलिमीटरचा प्लायवुड आला. त्यावर हात फिरवायचं काम आईनं स्वतःकडे घेतलं. वाळूचा एक खडा, लाकडाची एक ढलपी, वेल्डिंगचा एक थेंब काचेखाली राहिला तर सगळं वजन त्या ठिपक्यावर येऊन तळाची काच तिथूनच फुटते. तिनं ओल्या फडक्यानं पुसलं, मग कोरड्यानं, मग तळवा टेकवून इंच इंच पाहिलं, आणि एका जागी थांबून नखानं काहीतरी उचललं. त्यावर अर्ध्या इंचाचा थर्माकोल. काच वाकत नाही; प्लायवुडात जो बारीक उंचसखलपणा उरतो तो थर्माकोल दबून भरून काढतो. आताच्या काही टाक्यांना खाली प्लास्टिकची चौकट असते, तिथे सगळं वजन त्या चौकटीवर यायला हवं. बनवणारा सांगत नसेल तर थर्माकोल घालू नये. आमची टाकी नुसत्या काचांची, सिलिकॉननं जोडलेली. सिलिकॉन १९६०च्या दशकात या कामात आलं, त्याआधी लोखंडी चौकटीत काचा पुटीनं बसवत. सिलिकॉनचा सांधा ताण सोसतो, पण पीळ सोसत नाही. स्टँड एका कोपऱ्यात खाली गेला की टाकीला पीळ पडतो आणि सांधा आज नाही तर सहा महिन्यांनी सुटतो.

टाकी बसली. एक तृतीयांश भरली, पाणसळ पाहिली. दोन तृतीयांश भरली, पुन्हा पाहिली. पूर्ण भरून रात्रभर माशांशिवाय ठेवली. सकाळी थर्माकोलवर ओल नव्हती. त्यानंतर काकाजी अकोल्याहून मासे घेऊन आले, पूर्णा-अकोला मीटरगेजच्या गाडीनं. ती गाडी पुढे २००८ साली ब्रॉडगेज झाली, पण आमच्या आठवणीतली गाडी अरुंदच आहे. डब्यात खिडकीच्या दांडीला कापडी पिशवी, पिशवीत हवेनं फुगवलेल्या प्लास्टिकच्या थैल्या, थैल्यांत गोल्डफिश, काळ्या मोली आणि दोन एंजल. आमच्यातली निम्मी भावंडं बार्शीटाकळी स्टेशनावर फलाटावर उभी होती.

त्या दशकात टाकी बऱ्याच घरांत आली. पुढे वास्तुशास्त्राची लाट आली तेव्हा आणखी आली. ईशान्य कोपऱ्यात पाणी हवं म्हणून लोकांनी टाक्या घेतल्या. पण त्या आल्या त्या टीव्हीच्या शोकेसवर. शोकेस प्लायवुडची, वर सनमायका, आत पितळी हत्ती आणि क्रिकेटच्या ढाली. ढालींसाठी केलेल्या फळीला सव्वाशे किलो पाणी कसं झेपणार? आमच्या आळीतल्या एका घरी फळीला हळूहळू मधात झोळ पडला. बाहेरून दिसत नव्हतं, पण टाकीच्या पुढच्या कडेखाली पोस्टकार्ड सरकेल एवढी फट झाली होती. एका दुपारी पुढच्या काचेचा खालचा सांधा सुटला. भांडी पडल्यासारखा आवाज झाला नाही, म्हणून कुणाला पटकन कळलंच नाही. पाणी सतरंजीखालून ओसरीपर्यंत आलं तेव्हा धावाधाव झाली. आळीतल्या बायांनी हातानं मासे उचलून गुंडात, चरवीत, परातीत टाकले. टीव्हीचं बटण आधी कुणी बंद केलं हे सांगता येत नाही, पण ते केलं म्हणून माणसं वाचली. काचेजवळ उभं असलेलं पोर थोडक्यात बचावलं. त्या रात्री काकाजी स्वतः त्या घरी गेले आणि उरलेल्या माशांना आमच्या टाकीत घेऊन आले. दुसऱ्या दिवशी वेल्डिंगवाल्या काकांकडे तीन घरांच्या ऑर्डरी गेल्या.

त्या माणसांना मी आजही दोष देत नाही. दुकानात टाकी दाखवतात, मासे दाखवतात, दिवे दाखवतात; टाकी भरल्यावर किती वजन होईल, हे सांगणारं त्या काळी कुणी नव्हतं. आजही फारसं कुणी नाही, आणि याचा मला राग आहे.

आमच्या स्टँडचं काम एकदाच करून संपलं नाही, कारण खाली काळी माती होती. कपाशीची ही माती उन्हाळ्यात सुकून भेगाळते. शेतात भेगेत पोराचा हात जातो. पावसाळ्यात तीच माती फुगते. घराचा पाया तिच्याबरोबर खाली-वर होतो, भिंतीला तडे जातात, श्रावणात दारं चौकटीत अडकतात. मुरुमाची भर कितीही घातली तरी जमिनीवरची फरशी थोडी हलतेच. म्हणून काकाजी वर्षातून दोनदा, अक्षय्यतृतीयेला आणि दिवाळीच्या सफाईत, टाकी पाहत. तेव्हा नळी लागत नसे. टाकीतलं पाणी स्वतःच पाणसळ आहे: पाण्याची रेघ नेहमी समतल राहते, म्हणून पाण्यापासून काचेच्या वरच्या कडेपर्यंतचं अंतर डाव्या आणि उजव्या टोकाला पट्टीनं मोजायचं. फरक आला की जमीन हलली. हे काम पुढे आम्हा पोरांकडे आलं, आणि पट्टी धरायची पाळी कुणाची यावरून भांडणं होत. मूर्तिजापूरकडे दिलेल्या आतेबहिणीच्या घरी खारपाणपट्ट्यातलं पाणी. तिच्या टाकीच्या काचेवर क्षारांची पांढरी रेघच बसायची, तिला पट्टीसुद्धा लागत नसे.

भारनियमनाचे दिवस आठवतात. एअर पंप बंद पडला की मगानं पाणी उचलून वरून ओतायचं, म्हणजे त्यात हवा मिसळते. बारा-बारा तास वीज नसे तेव्हा पाळ्या लागत. मे महिन्यात काचेला ओलं फडकं गुंडाळायचं. तरी मासे मरत, आणि लहान पोरं रडत.

आता सम्पची गोष्ट. न्यू जर्सीतल्या भावाकडे आणि पुण्याच्या भाच्याकडे टाकी आहे ती नव्या पद्धतीची. वरच्या टाकीतलं पाणी काठावरून नळीनं खाली उतरतं, स्टँडच्या पोटात ठेवलेल्या दुसऱ्या टाकीत गाळलं जातं आणि पंपानं वर चढतं. खालच्या टाकीला सम्प म्हणतात. म्हणजे आता स्टँडनं एका वेळी दोन पाणी सांभाळायचं. भाच्याची टाकी चार फूट बाय दीड फूट बाय दोन फूट. बारा घनफूट, ३४० लिटर. सम्पात आणखी शंभरेक लिटर. काच, दगड, वाळू, स्टँड धरून पाचशे किलोच्या वर. तेही पुण्यात, वरच्या मजल्यावर.

घराच्या स्लॅबचा हिशेब भारतीय मानकात चौरस मीटरला २०० किलोच्या आसपास धरतात. हा आकडा खोलीभर पसरलेल्या वजनाचा असतो, म्हणून एका जागी जास्त वजन ठेवताच येत नाही असं नाही; पण खोलीच्या मधोमध ठेवू नये, बीमच्या जवळ, भिंतीला धरून ठेवावी, आणि इमारतीच्या इंजिनीअरला विचारून ठेवावी. भाच्यानं विचारलं. मला त्याचा अभिमान वाटला.

स्टँडवर मात्र भावंडांच्या ग्रुपवर महिनाभर वाद चालला. पहिला प्रश्न मधल्या पायाचा. चार फूट लांबीला पुढे मधात पाय हवा, पण तो पाय असला की सम्प दारातून आत जात नाही. सम्प आधी ठेवून मग टाकी चढवली तर काम होईल, पण सम्पाची काच कधी फुटली तर ती बाहेर काढायला सगळी वरची टाकी रिकामी करून उतरवावी लागेल. शेवटी पुढच्या कडेला जाड चौकोनी नळी घेतली, वाकणार नाही अशी, आणि मधला पाय काढून टाकला; मागच्या बाजूला तो ठेवला. दुसरा प्रश्न लाकडाचा. दुकानदार एमडीएफचं कपाट दाखवत होता. एमडीएफला पाणी लागलं की ते फुगतं आणि त्यातला स्क्रू सैल होतो. लोखंडी सांगाडा हवा, बाहेरून हवं तर लाकडी पल्ले लावा, असं ठरलं. तिसरं, सम्प नुसता तळाच्या पातळ फळीवर ठेवायचा नाही. त्यालाही स्वतःची चौकट, त्यालाही खाली सपाट प्लायवुड. वरच्यापेक्षा कमी वजन म्हणून त्याच्याकडे दुर्लक्ष होतं, पण तोही शंभर किलोंच्या पुढे आहे, आणि त्याचा सांधा सुटला तर पाणी तसंच शेजाऱ्याच्या छतातून उतरणार.

आणि चौथी गोष्ट विजेची, जी पुण्यातल्या पोराला सांगावी लागली, बार्शीटाकळीच्या कुणालाही नसती लागली. वीज गेली की पंप थांबतो, पण वरच्या टाकीतलं काठाच्या वरचं पाणी खाली येतच राहतं. चार फूट बाय दीड फुटाच्या टाकीत एक इंच पाणी म्हणजे १४ लिटर. शिवाय वर पाणी नेणाऱ्या नळीचं तोंड पाण्यात खोल बुडालेलं असेल तर तीच नळी उलटी वाहू लागते आणि टाकी आणखी उतरते. म्हणून त्या नळीला पाण्याच्या रेघेलगत एक छिद्र पाडायचं, हवा आत शिरली की उलटा ओढा तुटतो. आणि सम्प कधीही काठोकाठ भरायचा नाही, वरून येणारं सगळं पाणी मावेल एवढी जागा त्यात रिकामी ठेवायची. भाऊ न्यू जर्सीहून म्हणाला, इथे वीज जात नाही. त्याला काकाजींनी व्हिडिओवर सांगितलं, "तुह्या इकडे जात नसन, पंप तर बंद पडते ना कधी?"

१६ डिसेंबर २०२२ला बर्लिनमधल्या एका हॉटेलातलं अॅक्वाडोम फुटलं. काचेसारख्या अॅक्रिलिकचा उंच खांब, दहा लाख लिटर पाणी, दीडेक हजार मासे. आळीतली फुटलेली टाकी पाहिलेल्या आमच्या ग्रुपवर ती बातमी दिवसभर फिरली. आमच्या घरातल्यांनी मासे किती वाचले ते आधी विचारलं.

भाच्याच्या स्टँडचे कर्ण त्यानं लेझरनं मोजले, पायांखाली पत्रे लावले, टाकी तीन टप्प्यांत भरली. मग मुद्दाम मेन स्विच बंद करून पाहिला. पाणी सम्पाच्या कडेच्या चार बोटं खाली थांबलं. काकाजी ऐंशी ओलांडलेले, त्यांना आता टाकीपर्यंत जाता येत नाही, पण त्यांनी भाच्याला फोन स्टँडखाली धरायला लावला आणि चारही पाय एकेक करून बघितले. मग पट्टी लावून पाण्याची रेघ मोजायला सांगितली. डाव्या टोकाला अंतर दोन मिलिमीटर कमी भरलं. भाचा म्हणतो, एवढा फरक सगळ्यांकडे असतो, टाकीला काही होत नाही. काकाजी म्हणतात, आजच रिकामी कर, चकती घाल, मासे आल्यावर हे होत नाही. रविवारी टाकी रिकामी करून उजवीकडचे दोन्ही पाय तपासायचे, की फरशीच तिथे उंच आहे ते आधी बघायचं, यावर अजून एकमत नाही. टाकी रिकामी करावी यावर मी काकाजींच्या बाजूची आहे.